मदत हवी आहे: श्रीलंकेतलं यादवी युद्ध नीट समजून घ्यायचंय

नमस्कार मंडळी, एमएच्या सेमिनारला श्रीलंकेतलं यादवी युद्ध हा विषय घेतलाय आणि आता पार गुंता झालाय. घटनाक्रम कळला म्हणजे 1956 चा फक्त सिंहलीला (तिथल्या बहुसंख्याकांची भाषा) राजभाषा करणारा कायदा, मग 70 च्या दशकात युनिव्हर्सिटी ॲडमिशनला तमिळ मुलांना जास्त मार्कांची अट, 1981 मध्ये उत्तरेतल्या तमिळबहुल जाफना शहराची लायब्ररी जाळली (हे वाचून खरंच पोटात कालवलं), 1983 ची जुलैची तमिळविरोधी दंगल, 87 ते 90 आपली शांतिसेना, आणि शेवट मे 2009 मध्ये मुल्लैतीवूच्या किनाऱ्यावर. पण सर म्हणाले की हे सगळं गाईडमध्ये पण असतं, समाजावर काय परिणाम झाला ते सांग.

तिथेच अडलंय. 1990 मध्ये एलटीटीईने (वेगळ्या तमिळ देशासाठी लढणारी सशस्त्र संघटना) जाफनातल्या मुसलमानांना हाकललं, ते बोलायचे तमिळच, मग त्यांना परकं का ठरवलं? आणि ज्या बायकांची माणसं बेपत्ता झाली त्या आज घर कसं चालवतात, युद्धात गेलेल्या जमिनी लोकांना परत मिळाल्या का? कुणी यावर अभ्यास केलाय का, किंवा शांतिसेनेत कुणाच्या घरातलं होतं का? मराठीत काही वाचायला असेल तर प्लीज सांगा, सेमिनार पुढच्या गुरुवारी आहे.