शब्दचर्चा: ‘रेंजलँड’ला कुरण म्हणावं, गायरान म्हणावं, की आणखी काही?

पानगळ
अमेरिकेतल्या उत्तर ॲरिझोनात फ्लॅगस्टाफच्या आसपास पाँडेरोसा पाइनची कोरडी जंगलं आहेत. त्यांच्यावर मराठीत लेख लिहायला घेतलाय. जंगल, गुरं आणि आग या तिन्हींचा हिशेब तिथे एकत्रच मांडावा लागतो आणि शब्दांपाशी घोडं अडतं.

‘रेंज’ म्हणजे पेरलेलं, पाणी पाजलेलं गवत नव्हे. आपोआप उगवलेलं गवत आणि झुडपं, आणि त्यात मैलोन्मैल फिरणारी गुरं. उघडा माळ त्यात येतो, सेजब्रशची झुडपी जमीन येते आणि पाइनखालचं गवतही येतं. मराठी वाचकाला हे शेवटचंच पटकन पटणार नाही, कारण जंगल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दाट झाडी येते. पाँडेरोसाचं जुनं जंगल एवढं विरळ होतं की गोऱ्या वसाहतवाल्यांच्या गाड्या झाडांमधून सरळ हाकता यायच्या. एकरी काही डझन थोराड झाडं आणि मधे गुडघाभर गवत.

रेंजलँड, बंचग्रास (झुबक्यांनी वाढणारं गवत), अलॉटमेंट (परवान्यावर चराईला दिलेला जमिनीचा तुकडा), प्रिस्क्राइब्ड बर्न (माणसाने बेतून लावलेली आग), लॅडर फ्युएल (आगीला जमिनीवरून शेंड्यापर्यंत चढवणारं जळण), डफ (झाडाखाली साचणारा थर): एवढ्यांना शब्द हवेत. ‘तृणभूमी व्यवस्थापन’ छापाचे नकोत, ते माझ्याकडे पोतंभर आहेत.

माळकरी
कुरण बाद. कुरण राखलेलं असतं. पावसाळाभर गुरांना बंदी, मग कापणी, नाहीतर गवताचा लिलाव. शिवाय ‘चराऊ कुरण’ हा शब्द वर्तमानपत्रांनी कधीच भ्रष्टाचाराला बहाल केलाय.

गायरानही नको. तो महसुली मामला आहे, सातबाऱ्यावर ‘गुरचरण’ म्हणून नोंद असते आणि त्यावर गावाचा हक्क. तुमची ती जमीन केंद्र सरकारची, रँचवाला परवाना काढून गुरं सोडतो. ‘गायरान’ वाचल्यावर आमच्या भागातला माणूस आधी विचारेल, अतिक्रमण कोणाचं?

माळरान जवळ जातं, पण माळावर झाडं नसतात. (आणि नसतात म्हणून लावायचा सोस. सोलापूरकडे माळढोकाच्या माळावर ग्लिरिसिडिया लावून झालाय. माळ म्हणजे रिकामी जागा, हे डोक्यातून जातच नाही.)

आमच्याकडचा साधा शब्द ‘रान’. मेंढरं रानात नेली म्हणतात, तिथे झाडं असोत वा नसोत. ‘चराऊ रान’ करा.

खडूस संपादक
सातारा-सांगलीकडे ‘रानात गेलाय’ म्हणजे शेतात गेलाय.

माळकरी
म्हणून तर ‘चराऊ’ लावलं. उभ्या ज्वारीला चराऊ कोण म्हणेल?

पानगळ
‘चराऊ रान’ घेतलं. झाडं आणि गवत एकाच शब्दात बसली हा त्याचा खरा फायदा. माझ्या लेखाचा मुद्दाही नेमका हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते, म्हणजे आगीचे शब्द सुचवायला सोपं जाईल.

या जंगलात पूर्वी दर काही वर्षांनी आग फिरायची. उन्हाळी वादळात वीज पडायची, शिवाय तिथले मूळ रहिवासीही आग लावत. आग जमिनीलगत चालायची, वाळलेलं गवत आणि पाइनच्या सुया खाऊन पुढे जायची. थोराड पाँडेरोसाची साल जाड, केशरी-पिवळी, खवल्याखवल्यांची. तिला धग लागायची, पण झाड मरायचं नाही. बुंध्यावर डाग मात्र राहायचा, आणि खोडाच्या वर्तुळांमध्ये तो डाग मोजून आज कुठल्या साली आग आली ते सांगता येतं.

ही आग थांबवली ती आधी मेंढ्यांनी आणि गुरांनी. १८८२ मध्ये रेल्वे फ्लॅगस्टाफला पोचली, पाठोपाठ कळप आले आणि त्यांनी गवत मुळापर्यंत खाल्लं. आग चालणार कशावरून? सरकारी आग-विझवणी नंतर आली. १९३५ मध्ये तर वनखात्याने नियमच केला की आगीची वर्दी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे. त्यात १९१९ साली पाइनची रोपं बेसुमार रुजली. एरवी पुढच्या आगीत बहुतेक गेली असती, ती सगळी वाढली. आता त्याच जमिनीवर एकरी शेकड्यांनी काड्यांसारखी झाडं आहेत, खाली गवत नाही आणि आग लागली की शेंड्यापर्यंत जाते. २००२ च्या रोडिओ-चेडिस्की आगीत साडेचार लाख एकरांहून जास्त क्षेत्र गेलं.

म्हणजे आगी दोन जातीच्या, आणि मराठीत दोन्हींना वणवाच. तिथे माझी अडचण आहे.

रायगडकर
वणवा पेटतो, लागतो, पसरतो. माणूस बेतून लावतो त्याला आमच्याकडे भाजणं म्हणतात. राब भाजायची कामं म्हणजे भाजावळ. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, कवळ (तोडलेल्या डहाळ्या), पातेरा, गवत असे थर द्यायचे, वर माती भुरभुरवायची आणि वारा जिकडे जातो त्या टोकाला पेटवायचं. आग वाऱ्यावर स्वार होत नाही, उलटी सरकत हळूहळू भाजत येते. तुमच्या प्रिस्क्राइब्ड बर्नला ‘भाजणी’ म्हणा. ॲरिझोनावाल्यांचं तंत्र काय आहे?

पानगळ
तेच! आधी जाळरेषा काढतात, म्हणजे आग पलीकडे जाऊ नये म्हणून मोकळी केलेली पट्टी, मग वाऱ्याच्या उलट चालेल अशी आग सोडतात. हातात डिझेल-पेट्रोलचं मिश्रण भरलेला डबा, त्याच्या नळीतून पेटते थेंब गळतात.

खडूस संपादक
ठिबक टेंभा.

पानगळ
हसू नका, घेणार आहे.

सह्याद्री_पायी
‘भाजणी’ शब्दाला माझा विरोध नाही, पण लेखात एक खुलासा हवाच. आपल्याकडे ‘गवत चांगलं येतं’ म्हणून डोंगर पेटवून देतात. ना जाळरेषा, ना वाऱ्याचा अंदाज, ना आग राखायला माणूस. त्यात कोवळी रोपं जातात, जमिनीवरची घरटी जातात. अमेरिकेत आग चांगली ठरली म्हणून उद्या कोणी तुमचा लेख दाखवत कडा पेटवेल. तिथलं झाड त्या आगीबरोबर वाढलेलं आहे. आपल्या देवराईतलं नाही. वणवा तो वणवाच राहू द्या, भाजणीशी त्याची सोयरीक नको.

पानगळ
मान्य. तिथेही सहजासहजी कोणी ऐकलं नव्हतं. हॅरॉल्ड वीव्हर हा वनाधिकारी १९४३ मध्ये उघड लिहीत होता की आग बंद केल्यानेच पाँडेरोसाचं जंगल बिघडतंय. पुढच्याच वर्षी आगीविरुद्धच्या सरकारी प्रचाराला पोस्टरवरचं स्मोकी अस्वल आलं. लोकांना अस्वल लक्षात राहिलं.

दूनवासी
उत्तराखंडात चीड आहे, तोही पाइनच, पाँडेरोसासारख्याच तीन-तीन सुयांच्या जुडग्यांचा, जाड सालीचा. गळालेल्या सुयांना तिकडे पिरूल म्हणतात. एप्रिल-मेमध्ये उतारावर पिरूलवरून पाय घसरतो आणि ठिणगी पडली तर डोंगर धुमसतो. तुमचं ‘डफ’ म्हणजे पिरूलच का?

पानगळ
वरचा सुटा थर पिरूल. डफ त्याच्या खालची अर्धवट कुजलेली गादी. म्हाताऱ्या झाडाच्या बुंध्याशी आग न आल्यामुळे ती वर्षानुवर्षं साचते, आणि पुन्हा भाजणी करताना नेमकी तीच घात करते. ज्वाळा निघून जाते, ही मागे तासन्‌तास धुमसते आणि आतल्या बारीक मुळ्या शिजतात. म्हणून भाजणीआधी मोठ्या झाडांच्या बुंध्यांभोवती फावड्या-दाताळ्यांनी ती ओढून काढतात.

रायगडकर
कुजका पातेरा. ‘कुज’ हा एक शब्दही चालेल.

माळकरी
बंचग्रासला ‘ठोंबाचं गवत’. नेपिअरचे ठोंबे लावतात तो ठोंब. आणि एक पुरवणी: आपली कुसळी, मोजात घुसून जीव खाणारी, तीच जात दक्षिण ॲरिझोनाच्या चराऊ रानातही मूळची आहे. पाइनच्या उंचीवर नाही, खाली.

लॅडर फ्युएलला ‘शिडी’ पुरे. गवतातून झुडपात, झुडपातून खालच्या फांदीत, तिथून शेंड्यात. ‘शिडी काढून घेणे’ हे विरळणीचं कामही त्यातच सांगून होतं. विरळणी शब्द बाजरीवाल्यालाही कळतो.

खडूस संपादक
अलॉटमेंट राहिलं. ‘चराई गट’ म्हणा, गट नंबरासारखं. आणि ते गाय-वासरू-महिना मोजमाप असतं, त्याचं काय करणार?

पानगळ
एक गाय आणि तिचं वासरू यांना महिनाभर पुरेल एवढा चारा, हे एकक. केंद्राच्या जमिनीवर त्याचा दर १.३५ डॉलरच्या खाली जात नाही, आणि बहुतेक वर्षं तिथेच टेकलेला असतो. ‘गाय-महिना’ लिहिते. वासरू फुकट.

सह्याद्री_पायी
वासरू फुकट, पण मेंढ्या?

पानगळ
पाच मेंढ्यांची एक गाय धरतात.