आरडाओरड्याने कंपन्या डेटाचा हिशेब देतात का?

आडवातिडवा: जानेवारी २०२१ आठवतोय? व्हॉट्सअ‍ॅपचं नवं धोरण आलं : ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, नाहीतर खातं विसरा. गावभर बोंब झाली, लोक सिग्नल-टेलिग्रामवर पळाले. दहा-बारा दिवसांत मुदत १५ मेपर्यंत ढकलली गेली आणि वर्तमानपत्रांत पानभर खुलासे छापावे लागले. कंपन्यांना लोकांचा रेटाच कळतो.

हिशेबनीस: कसला रेटा? तारीख हलली, धोरण तेच राहिलं. 'तुमचे खासगी मेसेज आम्ही वाचत नाही' हे आधीही खरंच होतं. आपला नंबर, फोनची माहिती, कोणत्या दुकानदाराशी कसा व्यवहार, हे मालक कंपनी फेसबुककडे (आताची मेटा) कशासाठी जातं? त्यावर उत्तर गुळमुळीत. आणि विचारणार कोण? सगळे 'चॅट वाचणार हो' म्हणून फॉरवर्ड करण्यात दंग. तेही व्हॉट्सअ‍ॅपवरच!

चटणीभाकर: माझं मसाल्याचं सगळं गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर. सिग्नल टाकून पाहिलं, तिथे मी आणि नणंदेचा मुलगा. बहिष्कार पगारदारांना परवडतो हो. मला ते धोरण मराठीत, दोन पानांत द्या.

आडवातिडवा: ताई, २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात ती सोय आहे, नोटीस राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या, म्हणजे मराठीसकट, कोणत्याही भाषेत मागता येणार. आणि हिशेबनीस, स्पर्धा आयोगाने बातम्या वाचूनच या धोरणाची स्वतःहून दखल घेतली. ओरडा नसता तर बातम्या कुठून आल्या असत्या? नोव्हेंबर २०२४मध्ये मेटाला २१३ कोटींचा दंड झाला.

हिशेबनीस: आणि अपिलात? दंड राहिला, पण जाहिरातींसाठी डेटा पुढे देण्यावरची पाच वर्षांची बंदी उठली. २१३ कोटी म्हणजे मेटाला चहापाणी. आयर्लंडच्या नियामकाने सप्टेंबर २०२१मध्येच व्हॉट्सअ‍ॅपला २२.५ कोटी युरो ठोकले, तेही नेमके 'डेटाचं काय करता ते लोकांना नीट सांगितलं नाही' म्हणून. ते जमलं, कारण तिथे २०१८पासून जीडीपीआर, म्हणजे युरोपचा डेटा संरक्षण कायदा, लागू होता.

पायरीवरचा: तो कायदा तरी आभाळातून पडला का? मॅक्स श्रेम्स नावाच्या ऑस्ट्रियन विद्यार्थ्याने २०११मध्ये फेसबुककडे स्वतःची माहिती मागितली. बाराशेवर पानं आली, त्याने खोडलेले मेसेजही त्यात होते. तो पुढे कोर्टात भांडत राहिला, फॉरवर्ड करत बसला नाही. रेटा हवाच, पण असा. शिवाय आपल्या कायद्यात सरकार स्वतःच्या यंत्रणांना सूट देऊ शकतं, त्यावर इथे कोणी चकार शब्द काढलेला नाही.

चटणीभाकर: मग माझी पानं मला मागता येतील का?

हिशेबनीस: पानं नाही, गोषवारा. आपल्या २०२३च्या कायद्याचं कलम ११. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले, पण हे कलम लागू व्हायला त्यापुढे दीड वर्ष. आडवातिडवा, ओरडायचंच तर या दीड वर्षावर ओरडा.