'घरची मंडळी' ग्रुप: यंदा नाताळचं झाड कुठलं?

जेसन: माळ्यावरून प्लास्टिकचं झाड काढलं. स्टँडचा एक पाय गायब आणि मधला दांडा कोणीतरी वाकवून ठेवलाय, मी नाव घेत नाही

लीना: माझ्याकडे बघू नको, मी नॉर्थ कॅरोलिनात आहे 😄

नेल्सन काका: क्रॉफर्ड मार्केटमधून नवीन आण. फक्त संध्याकाळी जाऊ नको, विरार लोकलमध्ये झाड घेऊन चढलास तर लोक झाडासकट उतरवतील

पप्पा: प्लास्टिक नको. सुरूची फांदी आणा

आई: झालं यांचं सुरू

पप्पा: हसा. आमच्या लहानपणी वसईत कोण प्लास्टिक आणत होतं, भुईगावच्या किनाऱ्यावरून सुरूची फांदी यायची, रॉकेलच्या डब्यात ओली वाळू ठासून त्यात उभी करायची, वर कापूस म्हणजे बर्फ, आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी नखाने घासून घासून सपाट करायची नि तिचा तारा, तो मेरीने दोनदा फाडला होता

मेरी आत्या: एकदाच फाडला. आणि एक जानेवारीपर्यंत ती फांदी वाळून घरभर काड्या व्हायच्या, तो केर कोण काढायचं ते पण लिही दादा

जेसन: पप्पा ती सुरू वाळू आणि वारा अडवायला लावलीय, वनखात्याची. तोडताना धरलं तर नाताळच्या मिस्साला आम्ही तुमच्याशिवाय जाणार

लीना: 📷 आमचं बघा, फ्रेझर फर. शेतावर जाऊन स्वतः कापलं, करवत तेच देतात. घरी आल्यावर बुंधा परत इंचभर कापायचा नाहीतर चिकाने तोंड बंद होतं आणि पाणी ओढत नाही. पहिल्या रात्रीत बादली रिकामी

आई: छान आहे ग. किती वर्षांचं?

लीना: एवढं व्हायला आठ-दहा वर्षं लागतात

आई: अरे देवा आणि पंधरा दिवसांत फेकायचं?

लीना: आई ते पीकच आहे ग, आपल्या भातासारखं. कापलं की नवीन रोपं लावतात

जेसन: 📷 नर्सरीत आहे. अरोकॅरिया, कुंडीतलं, साडेचार फूट. साडेआठशे म्हणतो

मेरी आत्या: तिरकं आहे

जेसन: फोटो तिरका आहे आत्या

नेल्सन काका: तसंही मोठं झालं की वाकणारच. परसातलं नाही का दक्षिणेला कललं? बहुतेक हे कुक पाइन असतं, मूळ न्यू कॅलेडोनियाचं, जगात कुठेही लावा विषुववृत्ताकडे झुकतं, २०१७ साली शास्त्रज्ञांनी मोजून सांगितलंय

आई: परसातलं पण लीना पहिलीत असताना कुंडीतूनच आणलेलं. आता नारळाला टेकलंय, त्याला तारा कोण बांधणार

जेसन: मग घेऊ का? माणूस थांबलाय. तारा शेंड्याला बांधायचा नाही म्हणतो, शेंडा मोडला तर सरळ वाढ गेली. बाजूला बांबूची काठी खोचायची

मेरी आत्या: सातशेला माग

आई: अहो, तुमचं काय? घेऊ दे ना?

(पप्पांनी हा मेसेज डिलीट केला)

आई: काय लिहिलं होतं?

पप्पा: काही नाही. घे. पण सहा जानेवारीला तीन राजांचा सण झाला की जमिनीत लावायचं, कुंडीत मारायचं नाही. विहिरीपासून लांब, मागच्या वेळेस मुळांनी पाइप उचलला

जेसन: साडेसातशेला दिलं. रिक्षावाला विचारतोय झाडाचं वेगळं सीट का

मेरी आत्या: मांडीवर घे