बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) खांबांची जुनी वखार राहत्या घरासाठी बदलताना काय सांभाळावे?

प्रश्न (वेंगुर्ले)

नमस्कार. वेंगुर्ल्याच्या बाजारपेठेत आमच्या आजोबांच्या वेळची दुमजली वखार आहे. तिच्या तीन बाजूंना जांभ्या चिऱ्याच्या भिंती आहेत, पण रस्त्याकडची बाजू आणि आतला माळा बीडाच्या खांबांवर उभा आहे. काजू-सुपारीचा व्यापार थांबल्यापासून गाळे बंद आहेत आणि आता आम्ही भावंडांनी तेथे राहती घरे करायचे ठरवले आहे. एका ठेकेदाराने सगळे खांब काढून आरसीसी करण्याचा सल्ला दिला आणि खांबांची भंगाराची किंमत हिशेबातून वजा करून देण्याची तयारीही दाखवली. खांबांच्या माथ्यावरच्या पानांच्या नक्षीत जुना हिरवा रंग अजून अडकून राहिला आहे. तो बोटाने खरवडून पाहिला, तेव्हापासून हे खांब भंगारात घालायला मन तयार होत नाही. व्यापारासाठी बांधलेल्या अशा इमारतींची घरे झाल्याची उदाहरणे आहेत का, आणि खाऱ्या वाऱ्यात बीड किती भरवशाचे असते?

उत्तर १ (रत्नागिरी)

उदाहरणे आहेत, आणि ती चांगली-वाईट दोन्ही आहेत. न्यूयॉर्कच्या चेंबर्स स्ट्रीटवरील कॅरी बिल्डिंग १८५६-५७ साली कापडाच्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी उभी राहिली. तिचे दर्शनी भाग डॅनियल बॅजर यांच्या कारखान्यात ओतलेले असून ते घडीव दगडाचे वाटावेत असे साचे केलेले होते. तिचे वरचे मजले आज निवासी आहेत. त्याच शहरातील सोहो भागात रिकाम्या पडलेल्या वखारींमध्ये १९६० च्या दशकात चित्रकार-शिल्पकार परवानगीविना राहू लागले, १९७१ साली नगरपालिकेने कलावंतांच्या तेथील वास्तव्याला मान्यता दिली आणि १९७३ साली तो परिसर संरक्षित ठरला. बीडाचे खांब सडपातळ असूनही मोठा भार पेलतात, त्यामुळे मधे जाड भिंती लागत नाहीत आणि मोठ्या खिडक्यांमधून उजेड खोलवर येतो. व्यापाऱ्याला माल दाखवायला जी मोकळी जागा हवी होती, तीच पुढे राहणाऱ्यांच्या उपयोगी पडली.

याउलट आपल्या मुंबईतले काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल पाहा. रोलंड मेसन ऑर्डिश यांनी आखलेली आणि इंग्लंडमध्ये ओतलेल्या भागांची ही इमारत १८६० च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलचित्रे भारतात प्रथम येथेच दाखवली गेली. पुढे हॉटेल बंद झाले, आत आडभिंती घालून लहान लहान खोल्या आणि कार्यालये करण्यात आली, देखभाल कोणाची हे निश्चित राहिले नाही, आणि जुलै २००५ मध्ये दर्शनी सज्जाचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. मला ती इमारत फार जवळची वाटते, म्हणून स्पष्ट लिहितो: माळ्यावर विटांच्या भिंती उभ्या करू नका. भावंडांना दोनच घरे पुरत असतील तर प्रत्येक मजल्यावर एकच घर ठेवा, विभागणीसाठी लाकडी पडद्या वापरा, आणि न्हाणीघर व स्वयंपाकघर चिऱ्याच्या मागच्या भिंतीला लागून घ्या, म्हणजे पाण्याची वाट खांबांपासून दूर राहील.

उत्तर २ (मालवण)

मी अनेक वर्षे ओतशाळेत काम केले आहे. बीड दाब उत्तम सोसते, पण ताण आणि धक्का सोसत नाही. ते वाकून इशारा देत नाही, एकदम तडकते. त्यामुळे त्यावर जागच्या जागी साधे वेल्डिंग करू देऊ नका. तडा असेल तर पट्ट्या व बोल्ट लावून सांधण्याची रीत अधिक सुरक्षित आहे. जुने खांब बहुधा पोकळ असतात, आणि ओतताना गाभा (आतली पोकळी राखणारा साच्याचा भाग) सरकला असेल तर एका बाजूची जाडी कमी भरते, म्हणून अल्ट्रासॉनिक यंत्राने चारही बाजूंची जाडी मोजून घ्या. काही ठिकाणी छपराचे पाणी खांबांच्या पोकळीतूनच खाली सोडलेले असते. तसे असल्यास ती वाट आधी बंद करून पागोळीला वेगळी पन्हळ द्या, कारण बाहेरचा रंग धड दिसत असताना आतून गंज चाललेला असतो. खाऱ्या वाऱ्यातही बीड पोलादाच्या पत्र्यापेक्षा चांगले टिकते, मात्र गंज पूर्ण खरवडून, मीठ गोड्या पाण्याने धुऊन, खांब कोरडा झाल्यावर त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे. हे काम पावसाळ्यात काढू नका. आगीत तापलेल्या बीडावर गार पाणी पडले की ते तडकते, म्हणून चुलीची किंवा गॅसची जागा खांबाशेजारी नको.

उत्तर ३ (अलिबाग)

दुरुस्तीसाठी नक्षीचे भाग उतरवावे लागले तर ते उघड्यावर ठेवू नका. जेम्स बोगार्डस यांनी १८४९ साली न्यूयॉर्कमध्ये उभारलेल्या दुकानांचे बीडाचे दर्शनी भाग पुन्हा उभारण्याच्या हेतूने १९७१ साली सोडवून ठेवले होते आणि १९७४ साली चोरांनी त्यातील बराचसा भाग भंगारासाठी नेला. प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्या, छायाचित्र घ्या आणि तो घरातच ठेवा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी पाहिले, तर पुढच्या कोपऱ्यातील दोन खांबांना वर पन्हळ जोडलेली आहे आणि एकाच्या बैठकीशी तांबूस ओल आहे. ठेकेदाराला थांबण्यास सांगितले आहे. दिवाळीनंतर जाडी मोजून घेतो आणि आकडे येथे लिहितो.