डावपेच काही अमेरिकेतून आलेले नाहीत

मुलामुलींनी एकमेकांना पटवायला डावपेच लढवायचे हे अमेरिकन खूळ, आपल्या सिनेमात ते हल्ली घुसलं, असं कुणी म्हटलं की मला ते अजिबात पटत नाही. बासू चटर्जींचा 'छोटी सी बात' १९७६ चा. त्यात अमोल पालेकरचा अरुण चक्क खंडाळ्याला जाऊन अशोक कुमारच्या कर्नलकडे मुलगी पटवायची शिकवणी लावतो आणि परत येऊन असरानीच्या स्कूटरवाल्या नागेशला गारद करतो! कल्पनेचं मूळ अमेरिकेत नाहीच, ती 'स्कूल फॉर स्काउंड्रल्स' या १९६० च्या ब्रिटिश चित्रपटावरून घेतली आहे. पण बसस्टॉपच्या रांगेत आणि मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतल्या समोवार कॅफेमध्ये ती अशी मुरली की परकी वाटतच नाही. (समोवार २०१५ मध्ये बंद झालं, त्याची हळहळ अजून जात नाही.)

खरी बघण्यासारखी आहे ती विद्या सिन्हाची प्रभा. अरुण मागे मागे येतोय हे तिला कळतं, आवडतंही, पण ती आपणहून काही बोलत नाही. ऑफिसला जाणाऱ्या मुलीला तेव्हा तेवढीच मुभा होती. आज माझी भाची पहिल्या भेटीला मुलाला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भर गर्दीत बोलावते, लोकेशन मैत्रिणीला पाठवून ठेवते, आणि घरी सोडतो म्हटलं तर सरळ नाही म्हणते. मुलं याला भाव खाणं समजतात. ती खेळत नसते हो, जपून असते. हे ओळखणारी एखादी मराठी प्रेमकथा मला मनापासून बघायची आहे.