साठ हजारात घरी तीनचाकी स्पोर्ट्स कार? आधी ब्रेकचं बोला

उद्यमनगरी:
कालपासून एकच पोस्ट दहा ग्रुपवर फिरतेय. "भंगारातली पल्सर घ्या, पुढचं चाक काढा, मारुती ८०० चा पुढचा दोन चाकांचा सेट जोडा, साठ हजारात तीनचाकी स्पोर्ट्स कार, आरटीओला कोण विचारतंय!" खाली नुसता टाळ्यांचा पाऊस. वर सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या कारागिरानं बनवलेल्या, किक मारून चालू होणाऱ्या त्या गाडीचा फोटो. अरे बाबांनो ती चारचाकी होती, आणि 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी त्या कारागिराला बदल्यात बोलेरो देऊ केली तेव्हा त्याच ट्वीटमध्ये लिहिलं होतं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी थांबवतीलच. तेवढं वाक्य सोडून बाकी सगळं शेअर होतं.

फॅब्रिकेशनमध्ये आयुष्य गेलं म्हणून लिहितोय. बाईक वळताना कलते, त्यामुळे चाकावर आडवा जोर फारसा येत नाही. तीनचाकी कलत नाही. मग तो आडवा जोर मागच्या चाकाच्या स्पोकवर आणि स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बुशवर येतो, जे त्यासाठी बनवलेलेच नाहीत. टायर पण गोल पाठीचा, सरळ उभा चालवला की मधल्या पट्टीवरच झिजणार. आणि ब्रेक! बाईकचा मास्टर सिलेंडर, म्हणजे ब्रेकचं तेल ढकलणारा पंप, एका कॅलिपरला (डिस्क आवळणाऱ्या चिमट्याला) पुरेल एवढंच तेल ढकलतो, त्याच्यावर मारुतीचे दोन कॅलिपर लावले की पेडल तळाला. पोस्टमध्ये ब्रेकवर किती ओळी? शून्य. रंगावर मात्र अख्खा परिच्छेद.

आणि करायचीच असेल तर निदान दोन चाकं पुढे ठेवा, मागे नको, नाहीतर रिक्षासारखी उलटेल.

तीनचाकी_तात्या:
आले, मास्तर आले. तुमच्यासारख्यांमुळेच आपल्याकडे कुणी काही बनवत नाही. मास्टर सिलेंडर लहान पडतो तर कारचा टँडम, म्हणजे जोड सिलेंडर, घाला की, जुन्या बाजारात पडलेत ढिगानं. मागे अलॉय व्हील आणि चपटा टायर घाला. ह्यात काय रॉकेट सायन्स आहे? माझ्या मेव्हण्यानं बनवलीय, 350 बुलेटचं इंजिन, मागे चेन, एकच चाक म्हणून दोन चाकांत जोर वाटणाऱ्या डिफरन्शियलची भानगड नाही. उसाच्या रानात मस्त पळते. कॉलेजची पोरं बाहा स्पर्धेला गाड्या बनवतात तेव्हा टाळ्या, आणि गावातल्या पोरानं बनवली की लगेच स्पोक आणि बुश.

उद्यमनगरी:
बाहाला तपासणीत नापास झाली तर गाडी ट्रॅकवर सोडत नाहीत तात्या, ब्रेक टेस्टला चाकं लॉक करून दाखवावी लागतात. मेव्हण्याच्या गाडीची कुणी घेतली? रिव्हर्स कसा टाकतो ते पण सांगा.

तीनचाकी_तात्या:
उतरून ढकलतो. तुम्हाला काय त्रास?

मिडलँडकर:
मी इंग्लंडात असतो म्हणून दोन पैसे माझे. इथे हा छंद जुना आहे. मॉर्गन या इथल्या कार कंपनीची सुरुवातच 1909 ला मालवर्नमध्ये तीनचाकीनं झाली, पुढे दोन चाकं, मागे एक, नाकावर उघडं व्ही-ट्विन (दोन सिलेंडरचं) इंजिन. 1952 ला बंद केली, 2011 ला परत आणली. मधल्या काळात लोकांनी घरच्या गॅरेजमध्ये किट जोडली, जेझेडआर नावाच्या किटमध्ये होंडा सीएक्स 500 बाईकचं इंजिन, ट्रायकिंगमध्ये मोटो गुझी बाईकचं. टॅक्स कमी आणि बाईकच्या लायसन्सवर चालायची, म्हणून तीन चाकं, शौक नंतर. पण घरी बनवलेली एकच गाडी असली तरी सरकारी केंद्रात नेऊन टेस्ट करून घेता येते, ब्रेक, दिवे, आवाज, बाहेर आलेल्या धारदार कडासुद्धा बघतात. पास झाली की रीतसर नंबर. आपल्याकडे ती खिडकीच नाही, खरा मुद्दा तो आहे.

पुणेरी_पाना:
झालं, विलायतेहून प्रवचन सुरू. आमच्या सोसायटीत संध्याकाळी सातनंतर ग्राइंडर चालवला तर चेअरमन थेट पोलिसांना फोन करतात आणि हे म्हणे घरच्या गॅरेजमध्ये. गॅरेज कुठंय? पार्किंगची पट्टी मिळाली तरी नशीब. त्यातही शेजाऱ्याची इनोव्हा अर्धी माझ्या जागेत.

काळाकोट:
कायदा सांगतो, मग भांडा. गाडी बाजारात आणायची तर केंद्रीय मोटार वाहन नियम 126 प्रमाणे प्रोटोटाइप, म्हणजे नमुना गाडी, एआरएआयसारख्या वाहन तपासणी संस्थेकडून पास करून घ्यावा लागतो, तो कंपन्यांसाठीचा रस्ता आहे, तुमच्या मेव्हण्यासाठी नाही. बाईकच्या आरसीवरच चालवू म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. 2019 ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय, कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळी गाडी चालणार नाही. आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, मग समोरच्याची भरपाई घर विकून द्या. शेतात खुशाल पळवा.

नाशिकचा_मीटर:
ते सगळं ठीक, पण "रिक्षासारखी उलटेल" म्हणजे काय हो? आमच्या वडिलांनी जन्मभर रिक्षा चालवली, घाट चढवला, नाशिकच्या द्वारका चौकात कसल्या कसल्या ट्रॅफिकमधून काढली, एकदा उलटली नाही. उलटतात त्या शाळेची बारा बारा पोरं कोंबलेल्या, नाहीतर पंचविशीतली पोरं सुसाट वळणावर टाकतात त्या. गाडीला का नावं ठेवता? पांढरपेशांना रिक्षा फक्त मीटरचं भांडण करायला आठवते.

उद्यमनगरी:
वडिलांच्या हाताला नाव नाही ठेवलं. भूमिती सांगतोय. ब्रेक दाबत वळलं की वजन पुढे आणि बाहेरच्या बाजूला सरकतं, तिथं नेमका आधार नाही, एकटं चाक मधोमध. पुढे दोन असतील तर आधार आहे. रिक्षा चालते कारण ती हळू चालते, आणि इंजिन, सीट, माणसं सगळी मागच्या दोन चाकांजवळ. तेच रुपडं ठेवून साठऐवजी शंभरनं पळवलं की बघा.

नाशिकचा_मीटर:
म्हणजे रिक्षा चांगलीच आहे, एवढं सरळ म्हणायला काय जातंय? सौराष्ट्रात छकडा आहे, पुढचं अर्धं धड बुलेटचं, एकच चाक पुढे, मागे अख्खं गाव बसतं. तिकडे जाऊन सांगा भूमिती.

मिडलँडकर:
इथल्या रिलायंट रॉबिन या तीनचाकी गाडीला पण एक चाक पुढे. विनोद किती झाले विचारू नका. पण लोकांनी वर्षानुवर्षं जपून चालवलीही.

पुणेरी_पाना:
छकडा, रॉबिन, उद्या बैलगाडी. मूळ विषय साठ हजाराचा होता. साठ हजारात नुसता जुना पुढचा सेट, स्टीअरिंगची रॅक आणि वेल्डिंगच होतं, सीट उकिडवं बसून का?

शारदा_एस:
तुम्ही सगळे स्पोर्ट्स कारवर इतकं लिहिताय म्हणून न राहवून लिहितेय. आईला पोलिओ आहे. तिची स्कूटर साइड व्हीलची. कायद्यात कलम 52 मध्येच अपंगांसाठी बदल करायची सोय आहे, अशा गाडीला कायद्यात पूर्वी 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणायचे, 2019 च्या दुरुस्तीनं 'अडॅप्टेड व्हेइकल' झालं, म्हणजे ती खिडकी आहे मिडलँडकर काका. पण जोडणारा कोण? रस्त्याकडेचा वेल्डर. पावसाळ्यात खड्डा आला की दोन्ही साइड व्हील खड्ड्याच्या कडांवर टेकतात आणि मधलं चाक हवेत गरागरा फिरत राहतं. आई ॲक्सिलरेटर पिळते, गाडी हलत नाही, मागचे हॉर्न वाजवतात. एकदा भर चौकात तशी अडकली आणि लोक म्हणाले, "मावशी, उतरा ना जरा." उतरा! ह्याच्यावर कुणी आजवर धागा काढला का?

तीनचाकी_तात्या:
ताई, हे बाकी खरं. पण बघा, शेवटी कुणीतरी घरीच काहीतरी बनवल्याशिवाय सुधारणार नाही, हेच मी म्हणतोय.

उद्यमनगरी:
तात्या, दुसऱ्याच्या आईच्या खांद्यावर बंदूक ठेवू नका.
शारदाताई, तुमच्या साइड व्हीलचा आर्म एका पट्टीनं घट्ट वेल्ड केलाय की बुशवर हलतो? घट्ट असेल तर दोन्ही साइड व्हील मिळून गाडी उचलून धरणारच. दोन्ही आर्म वेगवेगळे, स्वतःच्या पिव्हटवर (खिळीवर) हलणारे हवेत, प्रत्येकाला स्वतःचा शॉकअप, आणि स्प्रिंग एवढी नरम की बरंचसं वजन मधल्या चाकावरच राहील. अर्थात फार नरम केली तर वळताना कलेल, ते बसून बघावं लागतं. मंजुरी असलेला सेट आधी बघा, त्यात बदल करायचा तर काळाकोट साहेबांना विचारा.

काळाकोट:
मंजूर किटच लावा. आरसीवरची नोंद आणि लावलेला सेट जुळायला हवा, नाहीतर क्लेमच्या वेळी पंचाईत.

शारदा_एस:
पट्टी आहे. सरळ लोखंडी पट्टी, दोन्ही बाजूंना एकच.

तीनचाकी_तात्या:
एकच पट्टी?? कुठला येडा तो वेल्डर. ताई फोटो टाका खालून. आणि उद्यमनगरी, तुमचं ते मास्टर सिलेंडरचं मेव्हण्याला विचारलं. म्हणतो पेडल जरा खाली जातं. "जरा" म्हणतो, एवढं हुरळू नका.

उद्यमनगरी:
पेडल दोनदा पंप करून ब्रेक लागतो का विचारा.

तीनचाकी_तात्या:
विचारलं. उसात ब्रेक लागतो कुणाला म्हणतोय.