खाऱ्या पाण्याच्या टाकीत पहिला मासा कधी सोडायचा?

खारट_सदाशिव

भांडणाचाच धागा आहे, आधीच सांगतो. सायकल, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू टाकीत बसायची प्रक्रिया, पूर्ण झाल्याशिवाय खाऱ्या पाण्यात मासा सोडू नये. एकही नाही. 'बघू जगतो का' म्हणून स्वस्तातला डॅमसेलसुद्धा नाही.

गेल्या रविवारी धनकवडीला एका ओळखीच्यांकडे चहाला गेलो. हॉलमध्ये नवीकोरी १०० लिटरची टाकी, मीठ कालवून चार दिवस झालेले, आणि आत दोन क्लाउनफिश. त्यातला एक पंपाच्या कोपऱ्यात, पाण्याच्या अगदी वरच्या कडेला तोंड लावून उभा. कल्ले इतके भराभर हलत होते की मोजता येईनात. यजमान कौतुकाने म्हणाले, "बघा, खायला मागतोय." घरी जाऊन अमोनिया तपासायचं किट आणलं, नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पिवळी राहायला हवी ती नळी पाच मिनिटांत कैरीच्या सालीसारखी हिरवी. दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं, पाणी काचेसारखं दिसलं की सोडा. अहो, अमोनिया मिसळलेलं पाणीही काचेसारखंच दिसतं!

नवीन मंडळींसाठी: मासा अमोनिया सोडतो, तोही मुख्यतः कल्ल्यांतून. उरलेलं खाणं कुजलं की आणखी अमोनिया. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट थोडंफार चालतं, पाणी बदललं की कमी होतं. नव्या टाकीत हे जिवाणू नसल्यात जमा, आणि ते दह्यातल्यांसारखे एका रात्रीत वाढत नाहीत. हे जिवाणू दगडावर वस्ती करतात; कोरड्या दगडावर सुरुवात केली तर चार ते सहा आठवडे धरून चाला. मासा नसताना २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया घालायचा, अमोनियम क्लोराइडच्या रूपात. तो २४ तासांत शून्यावर आला की मग मासा.

पाणबुडा_नारायण_पेठ

आले सोवळेवाले.

बावीस वर्षं खारं पाणी पाळतोय. पूर्वी डॅमसेल सोडूनच सायकल करायचो, ते चूक होतं, मान्य. पण आता जिवाणूंच्या बाटल्या मिळतात. बाटली ओतायची, १५० लिटरमध्ये दीड इंची एकच क्लाउन सोडायचा, दिवसाआड चिमूटभर खाणं. एवढासा जीव किती अमोनिया करणार? जिवाणूंना लागतो तेवढाच. धनकवडीकरांचं चुकलं ते दोन मासे एकदम सोडण्यात, आणि पैज लावतो, दिवसातून तीनदा खायला घालत असतील.

आणि सायकल पाळणाऱ्यांचे मासे मरत नाहीत का हो? व्हाइट स्पॉटने, म्हणजे अंगावर पांढरे ठिपके येणाऱ्या रोगाने, पटापट मरतात. दीड महिना दगडाची सेवा करतात, पण नवा मासा चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचं सुचत नाही. माझ्या टाक्यांत जे मेले त्यातले बहुतेक रोगाने मेले, अमोनियाने नाही.

खारट_सदाशिव

तीनदाच घालत होते. पैज जिंकलात. वेगळ्या टाकीबद्दलही वाद नाही.

पण 'एवढासा जीव' हा हिशेब गोड्या पाण्यातला आहे. पीएच ७ ला अमोनियाचा जेमतेम अर्धा-पाऊण टक्का विषारी रूपात असतो, बाकीचा अमोनियम होऊन गप्प बसतो. खाऱ्या टाकीत पीएच ८.१ ते ८.३. तिथे विषारी वाटा दहा पटींहून जास्त होतो. किटवर आकडा तोच, माशाला लागतो वेगळा. गोल्डफिश सांभाळलेले लोक नेमके इथे फसतात.

बाटलीचं म्हणाल तर ती चालते, मी स्वतः वापरली आहे. पण एप्रिलमध्ये कुरियरच्या गाडीत दोन दिवस भाजून पुण्यात आलेली बाटली म्हणजे उकळलेल्या दह्याचं विरजण. लागलं की नाही हे तुम्हाला कळणार कधी? मासा धापा टाकायला लागल्यावर. आधी अमोनिया घालून बघितलात तर फुकटात कळेल.

रीफवाली_बावधन

सदाशिवराव, पीएचचं बरोबर. पण तुमच्याच गटातले लोक नायट्राइट शून्य होईपर्यंत अडून बसतात ना, ते मला पटत नाही. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड भरपूर असतं, त्याच्या गर्दीत नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरायला वाव मिळत नाही. गोड्या पाण्यात जेवढ्या नायट्राइटने मासा दगावेल, तेवढं इथे सहज निभतं. मी अमोनिया बघते, दुसऱ्या दिवशी शून्य झाला की पुढे जाते.

उलट चूकही पाहिली आहे. "नायट्रेट २० दिसतंय, म्हणजे सायकल झाली." नाही. नायट्रेटचं किट आतल्या आत नायट्रेटचं नायट्राइट करूनच रंग दाखवतं. पाण्यात आधीच नायट्राइट असेल तर तेही नायट्रेट म्हणून मोजलं जातं. अर्धवट सायकलच्या टाकीत तो आकडा निव्वळ बोलबच्चन.

आणि 'तयार सायकलचा दगड' म्हणून कुणी समुद्रातून काढलेला, प्रवाळ चिकटलेला दगड देऊ केला तर हात लावू नका. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

कल्हईवाला

अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागरच ना? आजी कल्हईवाल्याला भांडी द्यायची तेव्हाचा तो पांढरा धूर अजून नाकात आहे. मग तांबट आळीत चौकशी करावी का?

रीफवाली_बावधन

रसायन तेच, शुद्धतेची खात्री नाही. त्यात तांब्याचा अंश असला तर पुढे कोळंबी, शंख, प्रवाळ काहीच टिकणार नाही. प्रयोगशाळेत वापरतात तो घ्या. १०० लिटरला साधारण ०.६ ग्रॅम घातलं की २ पीपीएम होतं. किराणामालाच्या काट्यावर हे वजन उमटणारही नाही, सोनाराचा काटा लागेल. आणि 'जरा जास्त घालू, लवकर होईल' हा मोह नको. ५ पीपीएमच्या वर गेलात तर जिवाणूच मंदावतात.

नळ_बंद_गुरुवार

तुमचं चालू द्या. पण एक लिटर आरओच्या पाण्यामागे तीन लिटर वाया जातं हे कुणी बोलेल का? १०० लिटरच्या टाकीला ३०० लिटर गटारात. इथे गुरुवारी पाणी नाही म्हणून आम्ही बुधवारी रात्री पातेली भरून ठेवतो.

पाणबुडा_नारायण_पेठ

गटारात कशाला? पिंपात जमवून फरशी पुसा, संडासात वापरा. आमच्याकडे बावीस वर्षं तेच चाललंय. तसं पाहिलं तर सायकल फसली की सगळं पाणी पुन्हा बदलावं लागतं. तेव्हा खरी नासाडी.

खारट_सदाशिव

हे वाक्य जपून ठेवतो. माझ्या बाजूने आहे.

पहिलीच_टाकी

नमस्कार, मी नवीन. सिंहगड रोड. ८० लिटर, कोरडा दगड, खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५. एका व्हिडिओत बघून सोललेली कच्ची कोळंबी कापडात बांधून टाकीत सोडली, आज अकरावा दिवस. अमोनिया ४ च्या आसपास, नायट्राइट किंचित. कापड उचललं की वास असा सुटतो की तळमजल्यावरच्या काकूंनी काल वॉचमनला गटार तुंबलंय का बघायला पाठवलं. कोळंबी काढू का? घरातल्या गोल्डफिशच्या फिल्टरचा स्पंज टाकला तर लवकर होईल का?

रीफवाली_बावधन

कोळंबी आजच काढा. ४ पुष्कळ झालं, आणखी कुजली तर आकडा तुमच्या हातात राहणार नाही. स्पंज नको. गोड्या पाण्यात वाढलेल्या जिवाणूंना एकदम ३५ पीपीटी (लिटरला साधारण ३५ ग्रॅम) मीठ झेपत नाही, बरेच मरतात आणि कचरा तेवढा वाढतो. ओळखीत कुणाची जुनी खारी टाकी असेल तर तिथला मूठभर दगड मागा. दूध तुमचं, विरजण शेजारचं.

पाणबुडा_नारायण_पेठ

नायट्राइट दिसायला लागलंय म्हणजे गाडी हलली आहे. माझ्याकडून मूठभर दगड न्या, शनिवारी सकाळी. येताना झाकणाचा डबा आणा, पाण्यातच न्यायचा, कोरडा पडता कामा नये. मग आठवड्याने एक लहान क्लाउन. होईल.

खारट_सदाशिव

दगड जरूर आणा, पाणबुडासाहेबांच्या टाकीत रोग नसेल तर. क्लाउन मात्र चाचणीनंतरच.

विचारलं नाहीत कुणी, तरी सांगतो. धनकवडीला माझ्याकडचं खारं पाणी दोन कॅन नेऊन निम्मं पाणी बदललं. कोपऱ्यातला मंगळवारी गेला. दुसरा खातोय.

पाणबुडा_नारायण_पेठ

माझ्या टाकीत दोन वर्षं रोग नाही. येऊन बघा. चहा मिळेल.

पहिलीच_टाकी

दगड आणून सात दिवस झाले. कोळंबी तेव्हाच काढली. परवा अमोनिया शून्य दिसला म्हणून काल रात्री दहाला २ पीपीएम घातला, आज रात्री दहाला ०.५. आई रोज विचारते, या दगडांनाच खायला घालणार आहेस का. उद्या पुन्हा मोजतो.

पाणबुडा_नारायण_पेठ

०.५ म्हणजे झालंच की. सोडा.

खारट_सदाशिव

नाही झालं. थांबा.